संगणक खरंच कितीला पडतो?

२००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर जर्मनीतल्या म्युनिक शहरी महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला जातीने गेले. म्युनिकची महापालिका आपल्या हजारो संगणकांवरून विंडोज उतरवून लिनक्स ही मुक्त प्रणाली चढवायच्या विचारात होती. बामर यांच्या कंपनीने मोठी सवलत देऊ केली. ती धरली तर मायक्रोसॉफ्टचा प्रस्ताव लिनक्सच्या प्रस्तावापेक्षा स्वस्त पडत होता. तरीही त्या वर्षीच्या मे महिन्यात नगरसभेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला.

लिनक्स तर फुकट मिळते, मग ती महाग कशी? आणि महाग असूनही शहराने ती का निवडली? संगणक घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे हे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. लिनक्सच्या परवान्याला पैसे पडत नाहीत, पण ती बसवायला, जुने प्रोग्राम नव्याने लिहून घ्यायला आणि कर्मचाऱ्यांना शिकवायला पडतात. दुसऱ्याचं उत्तर शहराच्या धोरणात होतं. एकाच कंपनीच्या वेळापत्रकावर आणि दरपत्रकावर कायमचं अवलंबून राहायचं नाही, यासाठी जास्त पैसे मोजायची शहराची तयारी होती.

संगणकाच्या खरेदी-किमतीपलीकडचा हा हिशेब पद्धतशीर मांडला गेला १९८७ मध्ये. गार्टनर या सल्लागार संस्थेतले बिल कर्विन यांनी ‘मालकीचा एकूण खर्च’ ही कल्पना पुढे आणली. यंत्राची किंमत, सॉफ्टवेअरचे परवाने, दुरुस्ती, मदतनीसांचे पगार, प्रशिक्षण, यंत्र बंद पडल्याने वाया गेलेले तास, सगळं एका वहीत. असा हिशेब केला की बिलावरचा आकडा एकूण खर्चाचा लहानसा भाग ठरतो, हे कचेऱ्यांच्या ध्यानात येऊ लागलं.

तरी वहीत काय लिहायचं हे लिहिणाऱ्याच्या हाती राहतंच. म्युनिकने २०१२ मध्ये जाहीर केलं की लिनक्समुळे १ कोटी युरोंहून अधिक वाचले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टसाठी एचपीने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष नेमका उलटा आला: लिनक्सच महाग पडली. दोन्ही बाजूंच्या हिशेबात गृहीतकं वेगळी होती. विंडोजवर राहिलं असतं तर नवी यंत्रं घ्यावी लागली असती का, सॉफ्टवेअरचा कुठला खर्च लिनक्सच्या नावावर टाकायचा, यावर उत्तर फिरत होतं. म्हणून तुलनेचा कुठलाही आकडा समोर आला की तो कोणी काढला आणि त्यात काय धरलं, हे आधी विचारायला हवं.

२०१३ पर्यंत म्युनिकचे सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर आले. मग महापौर बदलले, तक्रारी वाढल्या आणि २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. शहरानेच नेमलेल्या सल्लागारांनी मात्र संगणक विभागाच्या विखुरलेल्या रचनेकडेही बोट दाखवलं होतं. प्रत्येक खात्याची व्यवस्था निराळी असली, तर कुठलीही प्रणाली नीट चालवणं अवघड होतं.

फ्रान्सच्या जांदार्मरी या निमलष्करी पोलीस दलाने हाच बदल वेगळ्या क्रमाने केला. २००५ च्या सुमारास त्यांनी विंडोज तशीच ठेवून आधी ओपनऑफिस आणलं, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड. लोकांचा हात या प्रोग्रामांवर बसला आणि त्यानंतर, २००८ पासून, खालची विंडोज काढून उबुंटू लिनक्स बसवायला सुरुवात झाली. वर दिसणारे प्रोग्राम तेच राहिल्याने कर्मचाऱ्यांना फारसं नवं शिकावं लागलं नाही. आज दलाचे बहुतेक संगणक लिनक्सवर चालतात आणि त्यांची संख्या लाखाच्या घरात आहे. म्युनिक आणि जांदार्मरी, दोघांनी निवडलेली प्रणाली एकाच कुळातली होती. एकीकडे माघार आणि दुसरीकडे स्थैर्य, हा फरक माणसांच्या सवयी आणि व्यवस्थापन यांमुळे पडला.

ॲपलच्या महागड्या मॅकच्या बाबतीत आयबीएमचा अनुभव नेहमी सांगितला जातो. २०१५ पासून या कंपनीने कर्मचाऱ्यांना मॅक घ्यायची मुभा दिली. पुढच्या वर्षी तिने जाहीर केलं, की चार वर्षांचा हिशेब धरता प्रत्येक मॅक विंडोज संगणकापेक्षा अडीचशे डॉलरहून जास्त बचत करतो. मदत कक्षाला फोन करावा लागणाऱ्यांचं प्रमाण मॅक वापरणाऱ्यांत ५ टक्के होतं आणि विंडोज वापरणाऱ्यांत ४० टक्के. आकडे बोलके आहेत, पण ते वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. मॅक घेणाऱ्यांनी तो आपल्या आवडीने निवडला होता. शिवाय आयबीएम आणि ॲपल यांची २०१४ पासून व्यावसायिक भागीदारी होती. जिथे संगणक खात्यात तज्ज्ञ नाहीत आणि निम्मं काम टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चालतं, अशा एखाद्या व्यापारी पेढीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. मॅकवर ते चालवायचं तर आडवाट शोधावी लागते आणि त्या आडवाटेलाही खर्च असतो.

भारतातलं ठळक उदाहरण केरळचं. तिथल्या सरकारी शाळांत २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि काही वर्षांत तो पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर आला. २०१९ मध्ये सांगण्यात आलं, की दोन लाख संगणकांमागे ३ हजार कोटी रुपये वाचले. म्हणजे दर संगणकामागे दीड लाख. ही रक्कम केवळ विंडोजच्या परवान्याची असू शकत नाही. भूमिती, चित्रकला, ध्वनिसंपादन अशा प्रत्येक कामाचं सॉफ्टवेअर विकत घेतलं असतं तर, असा तो हिशेब आहे. इतक्या महागड्या वस्तू शाळांनी एरवी खरंच घेतल्या असत्या का, ही शंका रास्त आहे. मात्र केरळची मोठी कमाई या आकड्याच्या बाहेर आहे. शिक्षकांना राज्यभर प्रशिक्षण मिळालं, पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर बेतली गेली आणि मुलाला शाळेतलंच सॉफ्टवेअर घरी नेऊन चोरी न करता वापरता येऊ लागलं.

खर्चाच्या वहीत सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी नोंद म्हणजे बाहेर पडण्याचा खर्च. मराठी छपाईच्या व्यवसायाने तो पुरेपूर सोसला आहे. युनिकोड ही सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरसंकेत पद्धत रुळण्याआधी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरने मराठी अक्षरजुळणीला मोठा हात दिला. या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. अशा फॉन्टातली फाईल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा खिचडा दिसे. पानं लावायचं पेजमेकर युनिकोड जाणत नव्हतं. त्याची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली, तरी अनेक डीटीपी केंद्रांत ते पुढे कित्येक वर्षं चाललं. कारण हजारो पानांची पुस्तकं त्यातच अडकली होती. ती युनिकोडमध्ये आणायची तर फॉन्ट बदलणारी साधनं वापरा, मग सुटलेली जोडाक्षरं आणि चुकलेले रफार शोधत पुन्हा मुद्रितं तपासा. सॉफ्टवेअर घेताना हा खर्च कोणत्याही बिलावर नव्हता.

आणखी एक खर्च वर्षांचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. त्यामुळे उत्तम चालणारी असंख्य यंत्रं अधिकृत यादीबाहेर पडली. संस्थांनी सुरक्षा अपडेट विकत घ्यायचे ठरवले तर पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, आणि पुढे दर वर्षी दुप्पट. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात, त्यात साधा नवा लॅपटॉप येऊ शकतो. अपडेटविना तसंच चालवणं धोक्याचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचं काम विस्कळीत केलं, तेव्हा अपडेट न झालेली विंडोज हीच त्याची वाट होती. क्रोमबुकच्या नव्या यंत्रांना गुगलने दहा वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं आहे. अशी तारीख खरेदीआधी पाहता येते, पण फार थोडे ग्राहक ती पाहतात. स्कूटर घेताना मायलेज विचारणारा माणूस लॅपटॉप घेताना ‘अपडेट किती वर्षं मिळणार?’ असं क्वचितच विचारतो.

घरच्या खरेदीसाठी हा हिशेब चार ओळींत मांडता येतो. नमुन्यादाखल ५० हजारांचा विंडोज लॅपटॉप धरू. तो पाच वर्षं चालला आणि शेवटी ५ हजारांना गेला, तर वर्षाला ९ हजार पडले. ९० हजारांचा मॅक सात वर्षं चालून २० हजारांना गेला, तर वर्षाला १० हजार. दुकानात ४० हजारांचा वाटलेला फरक वर्षाला हजारावर आला. पण अलीकडच्या मॅकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि वॉरंटी संपल्यावर एखादी दुरुस्ती निघाली तर हा फरक पुन्हा वाढतो. या बेरजेत मग तीन गोष्टी घालाव्यात: रोजचे प्रोग्राम तिथे चालतात का, अडलं तर जवळपास दुरुस्त करणारा आहे का, आणि आपल्या फाईली उद्या दुसरीकडे उघडतील का.

घरात विंडोज १० चा जुना लॅपटॉप पडून असेल तर नवा घेण्याआधी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. जुनी प्रणाली जागची हलत नाही आणि पैसे लागत नाहीत. त्यावर आठवडाभर बँकेचं काम, मराठी टंकलेखन, प्रिंटर आणि मुलांचा अभ्यास करून पाहावा. जे चाललं ते एका बाजूला लिहावं, जे अडलं ते दुसऱ्या बाजूला, आणि तो कागद घेऊनच दुकानात जावं.