चार सुयांवरचा मोजा

मालवणात लोकरीच्या पायमोज्यांवर बोलावयाचे म्हटल्यावर श्रोत्यांनी एकमेकांकडे पाहून हसावे, हे स्वाभाविकच आहे. आपल्याकडे पाय असतात ते वाळूत, शेताच्या चिखलात, फार तर वहाणेत. लोकर म्हणजे घाटावरून येणारी घोंगडी, आणि तीही थंडीसाठी नव्हे तर पावसासाठी. अशा मुलखात मोजा विणावयास कोण बसणार, हा प्रश्न आम्हांलाही पुष्कळ वर्षे पडला होता. तथापि मोजा घालणे हा एक विषय आणि मोजा विणावयास शिकणे हा दुसरा. आज विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याचा; आणि त्यासाठी मालवणाइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल, असे आमचे मत आहे. का, ते ओघाने येईलच.

आमची या विषयाशी ओळख झाली ती १९६२ साली. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात चीनशी युद्ध जुंपले. हिमालयातल्या त्या उंचीवर आपल्या जवानांपाशी पुरेसे गरम कपडे नाहीत, ही वार्ता घरोघर पोचली आणि देशभर बायकांनी लोकर व सुया हाती घेतल्या. आम्ही तेव्हा दुसरीत होतो. जिने जन्मात कडाक्याची थंडी पाहिली नव्हती ती आमची आत्या चार सुयांवर मोजे विणू लागली. आमच्याकडे काम होते ते लोकरीची लड दोन्ही हातांवर ताणून धरण्याचे. तिच्या हातात तीन सुयांचा एक त्रिकोण असे. चौथी सुई त्याच्याभोवती फिरे आणि खालून एक नळी हळूहळू उतरत येई. विणलेले जोड जवानांसाठी गेले. एक तेवढा घरीच राहिला, कारण त्यातला एक मोजा दुसऱ्याहून लांब झाला होता.

पुढे पुष्कळ वर्षांनी आत्या गेली. तिच्या पेटीत तो जोड मिळाला. लांब मोज्याची टाच विरली होती. दुरुस्त करू म्हणून बसलो, तेव्हा ध्यानात आले की, ज्या कामाची लड आम्ही हातांवर धरली त्यातला एक टाकाही आम्हांला येत नाही. आणि विचारावे असे घरात कोणी उरलेले नाही.

शेवटी तो मोजा घेऊन आम्ही दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. तेथे एक वृद्ध गाबीत गृहस्थ फाटके जाळे सांधीत बसले होते. त्यांनी मोजा उलटासुलटा केला, बोटांनी ताणून पाहिला आणि विचारले, “ह्येका गाठच नाय! मगे ह्यां टिकता कसां?”

आमच्या मते त्या एका प्रश्नात सारे मोजेशास्त्र आले.

मराठीत विणणे हा शब्द फार उदार आहे. माग चालविणारा विणतो, टोपल्या करणारा विणतो, जाळेकरी विणतो आणि स्वेटर करणारीही विणतेच. परंतु ही कामे एक नव्हेत. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत अडकतात. जाळ्यात धागा बहुधा एकच. पण प्रत्येक आसाला पक्की गाठ बसते. म्हणून जाळ्याचे एक घर तुटले तर तेथे भोक पडते, पण शेजारची घरे सुटत नाहीत. मोज्यात धागा एकच आणि गाठ एकही नाही. एका फासातून दुसरा फास ओढलेला, दुसऱ्यातून तिसरा. प्रत्येक फासाला वरचा फास धरून ठेवतो, आणि सर्वांत वरचा सुईवर असतो. म्हणून मोजा रबरासारखा ताणतो व पुन्हा जागेवर येतो. आणि म्हणूनच एक टाका निसटला तर त्याखालचे टाके शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकामागून एक सुटत जातात. गुण आणि दोष दोन्ही गाठ नसण्याचे आहेत.

आता ‘गोल’ या शब्दाकडे वळू. कार्लीच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभे राहून पाग टाकणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. हवेत ते जाळे छत्रीसारखे उघडते आणि कडेच्या शिशाच्या भाराने वर्तुळातच पाण्यात उतरते. हे जाळे हाताने विणतात तेव्हा वरच्या टोकाशी थोडी घरे घेऊन गोल फिरत जातात आणि ठरावीक फेरांनंतर जादा घरे वाढवीत नेतात. कात्री नाही, शिवण नाही. घेर येतो तो मोजण्यातून. शिंपी कापडाला आकार देतो तो कापून आणि शिवून. पाग विणणारा व मोजा विणणारा हे दोघेही आकार देतात तो वाढवून आणि घटवून.

बाळंतविड्यातले पायमोजे आपल्या घरांतून पुष्कळदा दोन सुयांवर होतात. सपाट पट्टी विणावयाची, दुमडावयाची आणि शिवावयाची. तान्ह्या मुलाला चालावयाचे नसते, त्यामुळे शिवण चालते. चालणाऱ्या माणसाच्या बुटात मात्र ती शिवण बोटांना घासते. म्हणून चालणाऱ्याचा मोजा गोल विणतात.

सुया चार, दोन्ही टोकांना निमुळत्या. आपल्याकडे रूढ असलेल्या जुन्या मापाने १२ किंवा १३ नंबरच्या घ्याव्या. या मापात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. प्रौढ माणसाच्या पावलासाठी बारीक लोकरीचे ६४ टाके घालावेत. इंचाला आठ टाके बसले तर घेर आठ इंच होतो. पाऊल त्याहून थोडे जाड असते. पण मोजा ताणून बसावयाचा असल्याने तो लहानच हवा. एका सुईवर ३२ आणि उरलेल्या दोन सुयांवर १६-१६ असे टाके वाटावेत. चौथी सुई रिकामी.

येथेच शिकणाऱ्याचे धैर्य खचते. चार सुयांची आठ टोके चहूकडे खुपसलेली दिसतात आणि हातात साळिंदर धरल्यासारखे वाटते. परंतु नीट पाहावे. कोणत्याही क्षणी काम करीत असतात त्या दोनच सुया: एक टाके देणारी आणि एक घेणारी. बाकीच्या दोन आपले टाके धरून नुसत्या उभ्या असतात. देणारी सुई रिकामी झाली की ती पुढची घेणारी होते. ज्याला दोन सुयांवर विणता येते त्याला चार सुयांवर विणता येतेच. त्याने फक्त उरलेल्या दोघींकडे पाहावयाचे नाही.

किंबहुना गोल विणणे अधिक सोपे आहे. सपाट विणताना ओळ संपली की काम उलटवावे लागते आणि परतीची ओळ उलट टाक्यांनी विणावी लागते. गोल विणताना सुलट बाजू सदैव आपल्याकडेच असते. म्हणून सगळे फेर सुलटच.

सावध राहावयाच्या जागा तीन, आणि तिन्ही ठिकाणी आम्ही स्वतः पडलेले आहोत. पहिली जागा टाके घालण्याची. ते घट्ट घातले तर मोजा घोट्यापर्यंत सुंदर होतो आणि पायात जात नाही. दोन सुया जोडीने धरून त्यांवर टाके घालावेत व मग एक काढून घ्यावी. दुसरी जागा पहिला फेर जोडण्याची. टाक्यांची कड सर्व सुयांवर आतल्या अंगाला आहे ना, हे पाहून घ्यावे. ती कोठे पिळली गेली तर पुढे कितीही विणा, पीळ जात नाही. आम्ही तो दोन इंच विणल्यावर पाहिला. उपाय एकच, सर्व उसवणे. तिसरी जागा दोन सुयांचा सांधा. तेथे टाके सैल राहिले की वरपासून खालपर्यंत फट दिसते; म्हणून नव्या सुईवरचे पहिले दोन टाके जरा ओढून घ्यावेत.

प्रथम दीड-दोन इंच दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी विणावी. तिच्यामुळे मोजा पोटरीला धरून राहतो. नंतर सरळ सुलट फेर, टाचेपर्यंत.

टाच हा या विद्येचा घाट आहे. नळी सरळ असते आणि पाय घोट्याशी काटकोनात वळतो. शिवाय टाचेपासून पावलाच्या वरपर्यंतचा तिरकस घेर घोट्याच्या घेराहून पुष्कळ मोठा. तेथे जादा कापड पाहिजे, आणि तेही मागच्याच बाजूस. यासाठी पुढचे ३२ टाके दोन सुयांवर स्वस्थ ठेवावेत आणि मागच्या ३२ टाक्यांवरच पुढे-मागे, सपाट, ३२ ओळी विणाव्यात. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलावा. त्यामुळे दोन्ही कडांना १६-१६ साखळ्या पडतात. त्यांचे काम पुढे आहे.

मग वळण. सुलट ओळीत १८ टाके विणावेत, पुढच्या दोहोंचा एक करावा, आणखी एक विणावा आणि ओळ अर्धी असतानाच काम उलटवावे. आता पहिला टाका उचलून पाच उलट, दोहोंचा एक, आणखी एक, आणि पुन्हा उलटवावे. अशी प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक टाका पुढे जाते. सगळे टाके संपतात तेव्हा सुईवर १८ उरतात, आणि समोर पाहावे तो सपाट कापडाची वाटी झालेली असते. आत्याचे हात ही वाटी करीत असताना आम्ही समोरच बसलो होतो आणि आमचे लक्ष लड कधी संपते याकडे होते.

आता कडांच्या त्या साखळ्यांतून १६-१६ नवे टाके उचलावेत. मागे १८ आणि ३२ मिळून ५०, पुढे ३२, एकूण ८२. एक फेर सोडून एक फेर, दोन्ही बगलांना एकेक टाका घटवीत नऊ वेळा गेले की १८ टाके कमी होऊन पुन्हा ६४ येतात. या हिशेबात कोठेही घोकण्यासारखे काही नाही. टाचेला जे दिले ते पावलाला परत घेतले, इतकेच.

करंगळीच्या मुळापर्यंत पाऊल झाले की चवडा निमुळता करावा. फेराआड चार टाके घटवीत ३२ वर यावे, मग प्रत्येक फेरात चार घटवीत १६ वर. उरलेले आठ-आठ टाके समोरासमोर ठेवून दाभणासारख्या सुईने असे सांधावेत की, धागा फासाचाच मार्ग धरील आणि सांधा दिसणार नाही. इंग्रजीत या सांधणीला लॉर्ड किचनेर यांचे नाव आहे. हे गृहस्थ १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. पुढे पहिल्या महायुद्धात ते ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. त्या युद्धात ओल्या, थंड खंदकांत उभे राहून हजारो सैनिकांचे पाय सडले, आणि कोरडा, न घासणारा मोजा ही लष्करी बाब ठरली. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीच्या हिवाळ्यात लढल्या. कोकणातल्या पायांना लोकरीशी देणेघेणे नाही असे आपण म्हणतो ते तितकेसे खरे नाही.

ही विद्या जुनी आहे. ईजिप्तमध्ये निळ्या-पांढऱ्या सुती धाग्याचे, गोल विणलेले, मध्ययुगातले मोजे सापडले आहेत. जर्मन चित्रकार बेर्ट्राम याने १४०० च्या सुमारास रंगविलेल्या एका वेदीचित्रात मेरी चार सुयांवर बाळ येशूचा अंगरखा विणीत बसलेली दिसते. १५८९ साली इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र केले. पण ते सपाट विणी आणि शिवण मागून घालावी लागे. गोल विणणारे यंत्र यावयास आणखी दोनशेच्या वर वर्षे लागली. आज बाजारातला मोजा यंत्राचा असतो, स्वस्त असतो आणि टाच विरली की केरात जातो.

जाळेही आज यंत्रावरच होते. पूर्वी सुताची जाळी ऐनासारख्या झाडाच्या सालीच्या काढ्यात मुरवीत; आता नायलॉन आले आणि ते कष्ट गेले. परंतु जाळे फाटले तर ते हातानेच सांधावे लागते, आणि सांधणारे हात किनाऱ्यावर आहेत, कारण त्यावाचून दुसऱ्या दिवशीचे पोट भरत नाही. मोज्यावर कोणाचे पोट नाही. म्हणून ती विद्या घरातून कधी निघून गेली, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो. गाठ नाही, म्हणूनच मोजा उसवता येतो. आणि उसवलेला धागा जसाच्या तसा हाती परत येतो. मोजा वरून खाली विणलेला, म्हणून तो उसवावयाचा चवड्याकडून. आत्याचा लांब मोजा आम्ही टाचेच्या वरपर्यंत उसवला. लोकर जुनी असल्याने दोनदा तुटली. ६४ टाके एकेक करून सुयांवर घेतले. त्याआधी सरावाचे तीन मोजे बिघडवून झाले होते. टाच नव्या, तपकिरी लोकरीने घातली, पाऊल तिच्याच करड्या लोकरीने पुन्हा विणले आणि विणताना दुसऱ्या मोज्याचे फेर मोजून तितकेच ठेवले. जोड आता सारखा झाला आहे.

ज्यांना प्रारंभ करावयाचा आहे त्यांनी जाड लोकर आणि जाड सुया घेऊन ३२ टाक्यांचा, म्हणजे १६, ८ आणि ८ असा, लहान मुलाचा मोजा करावा. बहुतेक आकडे निम्मे होतात. टाचेच्या वळणात तेवढे १८ च्या जागी १० टाके घ्यावेत. चूक झाली तर उसवावे. त्यात वेळ जातो, धागा जात नाही. आणि ज्यांच्या घरी अजून कोणी विणणारे आहे त्यांनी मात्र पुस्तक शोधीत बसू नये. लड धरण्यापुरते नव्हे, टाका विचारावयास म्हणून त्यांच्याजवळ बसावे, आणि ते याच सुटीत बसावे.