आधी आकाश की आधी तेज?

तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून जल आणि जलापासून पृथ्वी असा सृष्टीचा क्रम वाचून जो जिज्ञासू छांदोग्याच्या सहाव्या अध्यायाकडे वळतो, त्याला तेथे आरुणी आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, काही निराळेच सांगत असलेला आढळतो. कारण त्या संवादात मूळच्या एकमेव सतापासून तेज, मग जल आणि मग अन्न अशी तीनच तत्त्वे निर्माण होतात, आणि आकाश व वायू यांची उत्पत्ती तेथे सांगितलेलीच नाही. ऐतरेयाचा आरंभ भूतांनी नव्हे, लोकांच्या निर्मितीने होतो. प्रश्नोपनिषदात प्राण आणि श्रद्धा आकाशाच्याही आधी येतात. आणि तैत्तिरीय एके ठिकाणी प्रारंभी असत् होते असे म्हणत असता, असतापासून सत् निपजेल तरी कसे, असा रोखठोक सवाल आरुणी करतो.

ऋग्वेदाचे ऐतरेय, कृष्णयजुर्वेदाचे तैत्तिरीय आणि सामवेदाचे छांदोग्य ही निरनिराळ्या शाखांत वाढलेली, तेव्हा त्यांच्यात मतभेद असावयाचेच, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा खुलासा मला ग्राह्य वाटतो. परंतु श्रुती अपौरुषेय मानणाऱ्यांना तेवढ्यावर थांबता येत नव्हते. त्यांनी हा विरोध दडवून ठेवला नाही, याचे मला फार कौतुक वाटते. ब्रह्मसूत्रांच्या ज्या दुसऱ्या अध्यायाला परंपरा ‘अविरोध’ म्हणते, त्याच्या तिसऱ्या पादाचे पहिलेच सूत्र, आकाश उत्पन्न होत नाही, कारण श्रुतीत तसा दाखला नाही, अशी हरकत नोंदवते. तैत्तिरीयात दाखला आहे असे दाखविताच हरकत घेणारा पूर्वपक्षी मागे न हटता म्हणतो की, ते वचन गौण अर्थाने घ्यावे. गर्दीत आपण ‘जरा जागा करा’ म्हणतो तेव्हा कोणी अवकाश नव्याने घडवीत नाही, आणि शंकराचार्यांनी भाष्यात या पक्षासाठी जे लौकिक उदाहरण दिले आहे ते जवळजवळ हेच आहे.

हरकतीला उत्तर देणारा सिद्धान्ती मग छांदोग्यालाच साक्षीला बोलावतो. एकाच्या ज्ञानाने सर्वांचे ज्ञान होते, ही त्या अध्यायाची प्रतिज्ञा आहे. आकाश अनुत्पन्न म्हणून बाहेर राहिले तर ती भंग पावेल. शिवाय तेज उत्पन्न केले एवढेच तेथे म्हटले आहे, ते सर्वांत प्रथम केले असे नव्हे. म्हणून आकाश व वायू निर्मून मग तेज निर्मिले, असे वाचल्यास दोन्ही जबान्या जुळतात.

ही जुळणी तर्कशुद्ध आहे खरी, पण भाष्यकारांनी ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात दिलेले उत्तर मला अधिक मोलाचे वाटते. कार्यांच्या क्रमाविषयी वचने भिन्न असली तरी कारणाविषयी ती भिन्न नाहीत, आणि असत् म्हणजे शून्य नव्हे, तर नामरूपाने अद्याप व्यक्त न झालेले, असे तेथे प्रतिपादन आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, सृष्टीचा तपशील जाणल्याने अमुक फल मिळते असे श्रुती सांगत नाही, म्हणून तो तपशील तिच्या तात्पर्याचा विषयच नाही. गौडपादांनी तर आपल्या कारिकांत माती, लोह आणि ठिणग्या यांचे सर्व दृष्टान्त बुद्धीला अद्वैताकडे नेण्याचे केवळ उपाय ठरविले.

तरीही तपशिलाची ओढ सुटली नाही. छांदोग्यातील तिहींच्या मिश्रणाला, म्हणजे त्रिवृत्करणाला, उत्तरकालीन वेदान्त्यांनी पंचीकरणाची जोड दिली; त्यात प्रत्येक स्थूल भूतात निम्मा अंश स्वतःचा आणि उरलेल्या चोहोंचा एकेक अष्टमांश असतो. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनीही ‘विश्वाची उभारणी व संहारणी’ या प्रकरणात या विषयाची चर्चा केली आहे.

आरुणी मात्र उत्पत्तीची हकीकत थोडक्यात आटोपून पुत्राला पंधरा दिवस उपाशी ठेवतो, पाठ असलेले वेद त्याला आठवेनासे झाल्यावर जेवू घालतो, आणि पुढे वडाचे फळ आणवून, ते फोडवून, आतला इवला दाणाही फोडावयास लावून काय दिसते ते विचारतो. काहीच दिसत नाही, असे श्वेतकेतू सांगतो आणि आणखी शिकवावे अशी विनंती करतो. तेजाच्या आधी आकाश होते काय, हे तो एकदाही विचारीत नाही.