खिसा सांभाळून, गाल सांभाळून

पहिला वस्तरा आणि पहिला पट्टा घेऊ पाहणाऱ्या हौशी वाचकांसाठी

दिवाळीच्या तोंडावर कल्याणच्या बाजारात एक फेरी मारून पाहा. आकाशकंदील, रांगोळीचे रंग, उटण्याच्या पुड्या, सुवासिक साबणाच्या वड्या यांची नुसती लयलूट असते. नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणे लावून घ्यायचे, म्हणजे आदल्या दिवशी दाढी घोटलेली हवी. त्यामुळे केशकर्तनालयांतही बाकावर जागा मिळत नाही. या गर्दीत एखादा गृहस्थ असा असतो की, त्याच्या मनात निराळीच खरेदी घोळत असते. त्याला हवा असतो वस्तरा! आजोबांच्या पेटीत असायचा तसा, मुठीत मिटणारा, अखंड पोलादी पात्याचा. पण खिशात पैसे बेताचे, घरखर्चाला शंभर वाटा, आणि दुकानदार काय गळ्यात मारील याची धास्ती. अशा गृहस्थाशी आज चार गोष्टी बोलायच्या आहेत.

आधी एक घोटाळा दूर करू. आज केशकर्तनालयात कारागिराच्या हाती जो वस्तरा दिसतो तो बहुधा नुसता सांगाडा असतो. त्यात ब्लेडचा अर्धा तुकडा बसवायचा, आणि एका गिऱ्हाइकाची दाढी झाली की तो फेकून द्यायचा. रक्तातून पसरणारी कावीळ, एड्स अशा रोगांचा धोका ओळखून ही रीत रूढ झाली, आणि ती योग्यच आहे. आपण बोलतो आहोत तो वस्तरा फेकायचा नसतो, त्याला धार लावून वर्षानुवर्षे वापरायचे असते. म्हणूनच तो एकाच माणसाचा असला पाहिजे. बापलेकांनीसुद्धा एक वस्तरा वाटून घेऊ नये. हे पहिले पथ्य.

पैसे वाचतात का?

"वस्तऱ्याला ब्लेड लागत नाही, म्हणजे जन्माची बचत!" असा हिशेब पुष्कळजण मांडतात. हिशेब अर्धाच आहे. वस्तऱ्यामागून पट्टा येतो, ब्रश येतो, आज ना उद्या धार लावण्याचा दगडही येतो. तेवढ्या पैशांत दुधारी ब्लेडचा साधा रेझर आणि ब्लेडची पाकिटे घेतली तर वर्षानुवर्षे दाढी होईल. किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर विकले होते. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी ते लाखांनी घेतले, आणि जगभरच्या पुरुषांनी हळूहळू वस्तरा मिटून ठेवला. ते काही उगाच नव्हे. दाढी झटपट होऊ लागली आणि धार लावण्याची दगदग संपली.

तेव्हा निव्वळ काटकसर करायची असेल तर वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नका. हत्याराची निगा राखण्यात ज्याला रोज पाच मिनिटे घालवाविशी वाटतात त्यानेच या भानगडीत पडावे. कारण दुकानात आपण विकत घेतो ते पोलाद. धार विकत मिळत नाही. ती आपल्यालाच रोज राखावी लागते. एवढे एक ध्यानात ठेवले की पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत, हे आपोआप कळत जाते.

पोलादाची कुळकथा

वस्तरा म्हटले की विलायतेचे नाव निघते. पण या कथेत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. भारतात तयार होणारे 'वूट्झ' नावाचे पोलाद जुन्या काळापासून नावाजलेले होते. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. लंडनचे शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट यांना हे हिंदी पोलाद इतके पसंत पडले की, ते आपल्या धंद्याच्या जाहिरातीत त्याची थोरवी सांगत. पुढे याच स्टोडार्टांबरोबर मायकेल फॅरडे यांनी, विजेवरील संशोधनाने जगप्रसिद्ध होण्याआधी, पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले आणि त्यांतून घडवलेले वस्तरे मित्रांना भेट दिले!

नंतरच्या काळात वस्तऱ्यांसाठी इंग्लंडातील शेफील्ड आणि जर्मनीतील सोलिंगेन ही दोन गावे गाजली. सोलिंगेनच्या नावाला तर १९३८ साली कायद्याचे संरक्षण मिळाले. तिथे न बनलेल्या सुरीवर वा वस्तऱ्यावर ते नाव घालायला जर्मनीत बंदी आहे. पण ठसा म्हणजे हमी नव्हे. ठसा खोटा असू शकतो; आणि खरा असला, तरी पन्नास वर्षे गंजत पडलेल्या पात्याला गावाचे नाव वाचवू शकत नाही.

वस्तरा पारखताना

पहिली गोष्ट रुंदी. वस्तऱ्याच्या पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. नवशिक्याने पाच अष्टमांश किंवा सहा अष्टमांश इंचाचे, म्हणजे सुमारे १६ ते १९ मिलिमीटरचे पाते घ्यावे. याहून अरुंद पाते हातात अस्थिर वाटते आणि फार रुंद पाते नाकाखाली अडचण करते. पात्याचे टोक गोल असावे. चौकोनी, अणकुचीदार टोक दिसायला रुबाबदार खरे, पण कानाच्या पाळीला त्याच्या रुबाबाची किंमत मोजावी लागते.

दुसरी गोष्ट सरळपणा. सपाट काचेवर पाते आडवे ठेवा. मूठ काचेच्या कडेबाहेर राहू द्या. पाठ आणि धार दोन्ही काचेला सर्वत्र टेकल्या पाहिजेत. पाते डुगडुगले तर ते वाकडे आहे. वस्तऱ्याची जाड पाठ उगाच नसते. दगडावर पाठ आणि धार एकदम टेकवली की धारेचा कोन आपोआप साधतो. म्हणून पाठ एका बाजूला जास्त झिजलेली असेल तर कोन बिघडलेला समजावा.

तिसरी गोष्ट धारेची कड. पात्यावर कुठेही बारीक तडा दिसला तर वस्तरा खाली ठेवा. त्यावर इलाज नाही. पाठीवर वा शेपटाजवळ थोडा गंज असेल तर तो घासून निघतो. पण गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोचले असतील तर पाते कितीही घासले तरी कड पुन्हा पुन्हा तुटत राहते.

सर्वांत मोठा धोका मात्र स्वस्त आणि चकचकीत मालाचा. शिंगाची मूठ, पात्यावर नक्षी, मखमली डबी, आणि आत पोलाद मऊ! अशा वस्तूला वस्तऱ्याचा आकार असतो, गुण नसतो. तिला धार लागत नाही आणि लागली तर टिकत नाही. गिऱ्हाइकाची मात्र बिनपाण्याने होते. मुठीच्या शोभेवर दमडीही जास्त घालू नका. दाढी पाते करते.

नवा चांगला वस्तरा परवडत नसेल तर जुन्याचा मार्ग आहे. आधी घरातले ट्रंक-पेटारे उघडा. तिथे नाही मिळाला तर मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटच्या जुन्या सामानात शोधा. सँडहर्स्ट रोडला जलद गाडी थांबत नाही. कल्याणहून जाणाऱ्याने भायखळ्याला धीमी गाडी पकडावी. "घ्या साहेब, अस्सल जर्मन!" हे ऐकायची तयारी ठेवा, आणि काचेचा लहानसा सपाट तुकडा कागदात गुंडाळून बरोबर न्या. तो खिशातून काढला की विक्रेत्याची भाषा थोडी मवाळ होते.

पट्टा: इथे मात्र स्वस्तच घ्या

रोजच्या दाढीने धारेची अतिसूक्ष्म कड वाकते. चामड्याच्या पट्ट्यावर पाते फिरवले की ती पुन्हा सरळ होते. पट्ट्यावाचून वस्तरा म्हणजे तेलावाचून दिवा.

पण पहिला पट्टा महाग घेऊ नये, आणि त्याला सबळ कारण आहे. नवशिक्याच्या हातून तो कापला जाणारच! पाते उलटवताना धार खाली दबते आणि चामड्यावर चीर पडते. हा शिकण्याचा खर्च आहे. तो थोडक्यात आटोपलेला बरा.

यासाठी दूर जायला नको. कोल्हापुरी चपलांचे चामडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. या चपलांना २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पट्ट्यालाही असेच वनस्पतींनी कमावलेले चामडे उत्तम. चपला शिवणाऱ्या कारागिराकडून अडीच इंच रुंद, दीड फूट लांब आणि दोन-तीन मिलिमीटर जाड अशी एकसंध, गुळगुळीत पट्टी कापून घ्या. तळव्याचे जाड चामडे नको आणि पर्सचे लिबलिबीत चामडेही नको. एका टोकाला कडी लावून ती खिडकीच्या गजाला अडकवा. याहून सोपे म्हणजे पट्टी सपाट फळीवर चिकटवा; मग ती लवत नाही आणि नवशिक्याची धार बोथट होत नाही.

चामड्याआधी कापडावर पाते फिरवण्याची पद्धत आहे. त्यासाठी खाटेची जुनी नवार चालते. मात्र ती सुती हवी, नायलॉनची नको.

फिरवण्याची रीत अशी: पाठ आणि धार दोन्ही पट्ट्यावर टेकलेल्या, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोचल्यावर पाते पाठीवर उलटवायचे, धारेवर कधीच नाही. दाब बिलकूल नको. कापडावर वीस आणि चामड्यावर पन्नास फेऱ्या पुरेत. वेग आपोआप येतो. तो आणायला गेलात की पट्टा कापलाच म्हणून समजा.

दगड आणि गुरू

काही महिन्यांनी पट्ट्यानेही भागेनासे होते. मग पाते बारीक दगडावर लावावे लागते. ही विद्या कठीण आहे, आणि चांगले दगड महाग. पहिल्या वर्षी दगड घेऊच नये, पाते जाणत्याकडून लावून घ्यावे.

मात्र सायकलवर चाक फिरवत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या हाती वस्तरा देऊ नका. तो आपल्या कामात वाकबगार असतो, पण ते काम निराळे. वेगाने फिरणाऱ्या चाकाखाली पातळ पाते तापते, पोलादाचे पाणी उतरते आणि वस्तरा कायमचा मऊ पडतो.

जाणता शोधायचा तर नाभिक समाजातल्या वयस्क कारागिरांकडे जावे. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या या समाजाच्या धोकटीत वस्तरा, दगड, कातर, नराणी आणि आरसा पिढ्यान्‌पिढ्या नांदले. हा समाज केवळ हत्यार चालवणारा नव्हता. ते कुठे चालवायचे नाही हेही त्याने दाखवून दिले. १८९० साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांच्या केशवपनाला हात लावणार नाही असे न्हाव्यांनी भर सभेत ठरवले होते. अशा परंपरेतला एखादा वृद्ध कारागीर आपल्या आळीत असेल तर दुपारच्या निवांत वेळी जा आणि आदराने विचारा, "काका, हा वस्तरा लावून द्याल का? आणि कसा लावतात ते जरा दाखवाल का?" श्रमाचे पैसे घासाघीस न करता द्या. ब्लेड आल्यापासून हे ज्ञान विचारायला कोणी येईनासे झाले आहे. विचारणारा आला नाही, तर ते त्या हातांबरोबरच जाईल.

गालाशी गाठ

पहिला प्रयोग रविवारी करावा. १८५४ साली कल्याणला आगगाडी आली, तेव्हापासून या गावाची सकाळ घड्याळाला बांधलेली आहे. आणि ज्याला गाडी गाठायची आहे त्याने वस्तरा हाती घेऊ नये. आधी गरम पाण्याने दाढी भिजवा, भरपूर फेस करा. एका हाताने कातडी ताणा, पाते गालाशी सुमारे तीस अंशांत धरा आणि केसांच्या दिशेने हलकेच ओढा. पाते आडवे सरकवू नका. रक्त निघते ते त्यानेच. पहिला आठवडा फक्त गाल करा. हनुवटी, ओठ आणि गळा नेहमीच्या रेझरने. हातातून वस्तरा निसटला तर तो झेलायला जाऊ नका. पाते मोडले तर दुसरे मिळेल. नळाच्या तोटीला पाते आपटू नका. आणि मुलांच्या हाती लागेल अशा जागी वस्तरा ठेवू नका.

साध्या पोलादाला आपली हवा मानवत नाही. जून ते सप्टेंबर तर ओले पाते एका रात्रीत तांबूस होते. दाढी झाली की पाते कोरडे पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा आणि न्हाणीघराबाहेर ठेवा. बंद डबीत ओलसर वस्तरा कोंडू नका. पट्ट्यावर बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसा; पाणी नको.

आता हिशेब. बाजूला काढलेल्या रकमेचे दहा भाग करा. सहा भाग पात्यावर, दोन भाग ते जाणत्याकडून लावून घेण्यावर, एक भाग पट्ट्यावर आणि एक भाग ब्रश-साबणावर. मुठीच्या नक्षीला आणि मखमली डबीला शून्य. एवढ्यात बसत नसेल तर यंदा थांबा. अर्धवट वस्तरा घेण्यापेक्षा पुढच्या दिवाळीला नीट घेतलेला बरा. गाल काही कुठे पळून जात नाहीत.

आणि ज्यांनी घेतला, त्यांनी महिनाभर धीर धरावा. पंधराव्या दिवशी वैताग येईल. विसाव्या दिवशी पट्ट्यावर एक नवी चीर पडेल. मग एका सकाळी पाते फेसातून आवाज न करता उतरेल आणि मागे गाल गुळगुळीत लागेल. ती धार दुकानातून आलेली नसेल. ती तुमच्या हातची असेल.