निम्नपट्ट्यांवरील हौशी रेडिओ : आटोपशीर ग्राही अँटेनाची निवड

प्रस्तावना

हौशी रेडिओच्या क्षेत्रात १६० व ८० मीटर तरंगलांबीचे पट्टे निम्नपट्टे म्हणून ओळखले जातात. दिवसा आयनांबराच्या 'डी' थरात या लहरी शोषल्या जातात. रात्री मात्र त्या दूरदेशी पोहोचतात. १६० मीटर पट्ट्यावरील अर्धतरंग अँटेनाला सुमारे ८० मीटर तार लागते. शहरातील गच्चीवर एवढी जागा नसते, म्हणून हे पट्टे आपल्यासाठी नाहीत असा अनेकांचा समज होतो. ग्रहणापुरता तो समज कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निवडीचा निकष

प्रेषणात अँटेनाची कार्यक्षमता निर्णायक असते. ग्रहणाचे गणित वेगळे आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३७२ या शिफारशीतील सूत्रानुसार १.८ मेगाहर्ट्झला निवासी भागातील मानवनिर्मित गोंगाट औष्णिक पातळीपेक्षा सुमारे ६५ डेसिबलने अधिक असतो. अँटेनाने ३० डेसिबल घट केली तरी ३५ डेसिबल उरतात. ग्राहीचा स्वतःचा गोंगाट १५ डेसिबल धरला, तर बाहेरचा गोंगाट २० डेसिबलने वरचढच राहतो. संदेश व गोंगाट सारखेच क्षीण झाल्याने त्यांचे गुणोत्तर फारसे बदलत नाही. शांत ग्रामीण भागात मात्र हा गोंगाट सुमारे ४६ डेसिबलच असल्याने कमी गोंगाटाचा पूर्वप्रवर्धक आवश्यक ठरतो. तात्पर्य, खरा निकष संदेशाची तीव्रता नसून नको त्या दिशांचा गोंगाट टाळण्याची क्षमता हा आहे.

प्रमुख पर्याय

१) बेव्हरेज अँटेना : हॅरल्ड बेव्हरेज यांना १९२१ मध्ये हिचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे अशा अँटेनावर अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश ऐकले. तिची दिशात्मकता उत्तम असली, तरी तिला शेकडो मीटर मोकळी जागा लागते.

२) लहान वेटोळे : सुमारे एक मीटर व्यासाचे उभे वेटोळे गच्चीवर सहज मावते. त्याच्या प्रतलाला लंब दिशेने येणारा जवळचा गोंगाट ते फिरवून जवळजवळ नाहीसा करता येतो. गोंगाट चहूबाजूंनी येत असल्यास हा लाभ मिळत नाही.

३) रोधयुक्त वेटोळी : गॅरी ब्रीड यांनी १९९७ मध्ये मांडलेले 'के-९-ए-वाय' वेटोळे एका टोकाशी रोध जोडून एकाच दिशेने ग्रहण करते. परस्परांना काटकोनात असलेल्या दोन वेटोळ्यांतून रिलेच्या साहाय्याने चार दिशा निवडता येतात. त्यासाठी साडेसात मीटर उंचीचा खांब, नऊ मीटरचा परिसर व भूसंपर्क लागतो. 'फ्लॅग' या आयताकृती प्रकाराला भूसंपर्काची गरज नसते. साध्या उभ्या अँटेनाचा दिशात्मकता गुणांक सुमारे ५ डेसिबल, तर या वेटोळ्यांचा ७ ते ८ डेसिबल असतो.

उभारणीतील दक्षता

क्षीण संदेश देणाऱ्या अँटेनाच्या बाबतीत जोडकेबलच गोंगाट गोळा करू लागते. एलईडी दिवे, चार्जर व सौर इन्व्हर्टर यांचा गोंगाट केबलच्या बाह्य आवरणावरून आत शिरतो. म्हणून फेराइट गाभ्यावर केबलचे वेढे घ्यावेत. जवळची प्रेषण अँटेना ग्रहणाचा आकृतिबंध बिघडवते. ऐकताना ती विसंवादित करणे इष्ट.

समारोप

मोकळे शेत असल्यास बेव्हरेज, मध्यम आवार असल्यास 'के-९-ए-वाय', प्रशस्त गच्ची असल्यास 'फ्लॅग' आणि अगदीच अपुरी जागा असल्यास लहान वेटोळे, असा क्रम सुचवता येईल. जागेच्या अभावी प्रेषण मर्यादित राहिले, तरी श्रवण मर्यादित राहण्याचे कारण नाही.