दुसऱ्या कृतीचे ओझे : ‘बूँदें’ ते ‘पहचान’

एखाद्या रॉक समूहाचा पहिला ध्वनिसंग्रह लोकप्रिय झाला आणि दुसऱ्याने निराशा केली, की तिचे कारण बहुधा प्रतिभेच्या ओहोटीत शोधले जाते. साहित्यव्यवहारातही दुसऱ्या कृतीबाबत हेच घडते. परंतु निराशा ही केवळ कृतीत नसते. ती ग्रहणप्रक्रियेत घडते. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत, पहिली यशस्वी कृतीच दुसरीचे अपेक्षा-क्षितिज आखून ठेवते.

दिल्लीच्या ‘सिल्क रूट’ या समूहाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मोहित चौहान गायक असलेल्या या समूहाचा ‘बूँदें’ हा संग्रह 1998 मध्ये आला आणि ‘डूबा डूबा’ या गीतामुळे देशभर पोचला. त्याचा अभिप्रेत श्रोता मुनिरक्यासारख्या वस्तीत सहज कल्पिता येतो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठालगतच्या या वस्तीत नाना प्रांतांतून आलेले विद्यार्थी भाड्याने राहतात. चित्रपटाबाहेरचे हिंदी गाणे हे अशा तरुणांचे सामाईक धन होऊ शकत होते. 2000 मध्ये आलेल्या ‘पहचान’ला मात्र तसा प्रतिसाद लाभला नाही. पुढे समूहही विखुरला.

या अपयशाची दोन अंगे वेगळी केली पाहिजेत. पहिले अंग तुलनेचे. पहिला संग्रह अपेक्षेविना ऐकला जातो, दुसरा पहिल्याच्या शेजारी ठेवून. फ्लीटवुड मॅक या समूहाने ‘रूमर्स’च्या (1977) अफाट यशानंतर ‘टस्क’मध्ये (1979) त्याची पुनरावृत्ती जाणीवपूर्वक टाळली. लक्षावधी प्रती खपूनही ‘टस्क’ त्या काळी अपयशी ठरला. त्याचे पुनर्मूल्यांकन नंतर झाले. मराठीत भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’नंतर (1963) बारा वर्षांनी आलेल्या ‘बिढार’लाही (1975) ‘कोसला’च्या सावलीतून सुटका नव्हती.

दुसरे अंग प्रसारव्यवस्थेचे. ‘बूँदें’ संगीतवाहिन्यांच्या आधाराने वाढला. शतक पालटताना या वाहिन्या पुन्हा चित्रपटगीतांकडे वळल्या आणि चित्रपटबाह्य गीतांचा अवकाश आक्रसला. त्याच शहरातील ‘इंडियन ओशन’चा ‘कंदीसा’ही 2000 चाच, पण तो यशस्वी ठरला. या समूहाने आपला श्रोता मुख्यतः रंगमंचीय मैफलींतून घडवला होता. 1997 चा ‘डेझर्ट रेन’ हे तर प्रत्यक्ष मैफलीचेच ध्वनिमुद्रण होते. वाहिन्यांच्या बदलाची झळ त्यामुळे त्याला तितकी बसली नाही.

प्रतिभेची ओहोटी हे कारण पुरेसे असते, तर मोहित चौहान यांचा पुढील प्रवास अनाकलनीय ठरला असता. ‘जब वी मेट’ (2007) आणि ‘दिल्ली-6’ (2009) या चित्रपटांतून त्यांचा आवाज पुन्हा सर्वदूर पोचला. ‘मसक्कली’साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. आवाज तोच होता, वाहक माध्यम बदलले होते. आणि ते माध्यम म्हणजे, ज्याने ‘पहचान’ची जागा व्यापली तेच चित्रपटगीत.

म्हणूनच दुसऱ्या कृतीवर ‘ऱ्हास’ असा शिक्का मारण्यापूर्वी तौलनिक अभ्यासकाने दोन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : ही कृती कशाच्या तुलनेत उणी ठरली? आणि ती ज्या वाटेने ग्राहकापर्यंत पोचणार होती, ती वाट तेव्हा खुली होती काय?