जुनी संचालन प्रणाली, नवा संगणक आणि न सापडणारा ड्रायव्हर

कार्यालये, प्रयोगशाळा, छापखाने आणि लघुउद्योग यांमध्ये आजही काही कामे जुन्या संचालन प्रणालीवाचून चालत नाहीत. मोजमाप करणारे एखादे महागडे यंत्र केवळ ‘विंडोज ७’ वर चालणाऱ्या आज्ञावलीशी जोडलेले असते. युनिकोडपूर्व काळातील टंकांत जुळविलेला मराठी मजकूर त्याच काळातील आज्ञावलीत उघडावा लागतो. यंत्र सुस्थितीत असते, मजकूरही शाबूत असतो. परंतु एके दिवशी संगणकच बंद पडतो. नवा संगणक येतो, त्यावर जुनी प्रणाली बसविण्यास प्रारंभ होतो आणि वाटेतच पडद्यावर संदेश उमटतो : ‘सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्हसाठी आवश्यक असलेला ड्रायव्हर उपलब्ध नाही.’

वस्तुतः त्या संगणकास डीव्हीडी ड्राइव्ह नसतोच. प्रणाली पेन ड्राइव्हवरून बसविली जात असते. या संदेशामुळे शोध भलत्याच दिशेने सुरू होतो. काही जण तर घाईने डिस्कवरील विभाग पुसून पुन्हा प्रयत्न करतात आणि त्यात मोलाची माहिती कायमची गमावतात. म्हणून हा दोष का उद्भवतो, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय?

संचालन प्रणाली आणि संगणकाचे सुटे भाग यांच्यात दुभाष्याचे काम करणारी छोटी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर होय. डिस्क, कळफलक, माउस, जाळ्याचे कार्ड अशा प्रत्येक भागासाठी स्वतंत्र दुभाषी लागतो. प्रणाली तयार होते, त्या वेळी प्रचलित असलेल्या भागांचे ड्रायव्हर तिच्यातच अंतर्भूत केलेले असतात. नंतर आलेल्या भागांची भाषा तिला अर्थातच अवगत नसते.

विंडोज ७ ही प्रणाली २२ ऑक्टोबर २००९ रोजी बाजारात आली. यूएसबी ३.० चे मानक त्यापूर्वी, नोव्हेंबर २००८ मध्ये, प्रसिद्ध झाले होते. परंतु त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये समाविष्ट झाला नाही. तो २०१२ च्या विंडोज ८ पासून आला. २०१५ मध्ये आलेल्या इंटेलच्या १०० मालिकेतील चिपसंचातून यूएसबी २.० चा जुना नियंत्रक काढून टाकण्यात आला. तेव्हापासून अशा संगणकांचे सर्व यूएसबी पोर्ट नव्या नियंत्रकाच्या आधीन झाले आणि हा दोष सर्रास आढळू लागला.

आरंभ होतो, मग अडते कोठे?

पेन ड्राइव्ह वाचताच येत नसेल, तर त्यावरून प्रणाली बसविण्यास आरंभ तरी कसा होतो, अशी शंका कोणासही येईल. त्याचे उत्तर असे : संगणक सुरू होताच पहिले वाचन संगणकाच्या स्वतःच्या मूळ आज्ञावलीकडून, म्हणजे बायॉसकडून, केले जाते. ती पेन ड्राइव्हवरील आरंभीची फाइल स्मृतीत आणून ठेवते. त्यानंतर सूत्रे विंडोजकडे जातात. येथून पुढे विंडोजला स्वतःचा ड्रायव्हर लागतो आणि तो नसल्यामुळे ज्या पेन ड्राइव्हवरून ती आली, तोच तिला दिसेनासा होतो. मूळ फाइली हाती न लागल्याने ती ‘डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर द्या’ असे म्हणते. याच वेळी यूएसबी कळफलक आणि माउसही निश्चेष्ट झाले, तर दोष यूएसबी नियंत्रकाच्या ड्रायव्हरचाच आहे, असे समजण्यास हरकत नाही.

मात्र हाच संदेश प्रणालीची प्रत सदोष असतानाही येतो. अपुरी उतरवलेली फाइल किंवा ओरखडे पडलेली डीव्हीडी हेही कारण असू शकते. म्हणून ती प्रत दुसऱ्या, जुन्या संगणकावर चालवून पाहावी. तेथेही तोच संदेश आल्यास ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा नवी प्रत तयार करणे श्रेयस्कर.

उपाय : सोप्याकडून अवघडाकडे

प्रथम पेन ड्राइव्ह यूएसबी २.० च्या पोर्टमध्ये लावून पाहावा. यूएसबी ३.० चे पोर्ट बहुधा आतून निळे आणि २.० चे काळे असतात. २०१५ पूर्वीच्या अनेक संगणकांत एवढ्यानेच काम होते. काही संगणकांच्या बायॉसमध्ये यूएसबी ३.० नियंत्रक बंद ठेवण्याचीही सोय असते.

नव्या संगणकात मात्र काळ्या पोर्टचाही उपयोग होत नाही, कारण तोही नव्याच नियंत्रकाशी जोडलेला असतो. अशा वेळी साटा पद्धतीने आत जोडलेला डीव्हीडी ड्राइव्ह आणि गोल खुंटीचा पीएस/२ कळफलक वापरता येतो. तेही नसल्यास प्रणालीच्या प्रतीतच ड्रायव्हर मिसळावा लागतो. विंडोजमधील ‘डिस्म’ या साधनाने हे करता येते. तो ‘बूट’ आणि ‘इन्स्टॉल’ या दोन्ही विम फाइलींत मिसळणे आवश्यक आहे. केवळ पहिलीत मिसळल्यास फाइली उतरवून होतात. परंतु संगणक पुन्हा सुरू झाल्यावर कळफलक आणि माउस पुन्हा निकामी ठरतात.

ड्रायव्हर निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. ६४ बिटांच्या प्रणालीस ६४ बिटांचाच ड्रायव्हर लागतो आणि त्यावर निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी असावी लागते. तसेच ‘आयएनएफ’ प्रकारची फाइल सुटी करून घ्यावी लागते. स्वतः चालणारा ‘ईएक्सई’ संच या टप्प्यावर निरुपयोगी असतो. ड्रायव्हर संगणकाच्या किंवा त्या भागाच्या निर्मात्याकडूनच घ्यावा. अनोळखी ठिकाणचे ‘सर्व ड्रायव्हर एकत्र’ असे संच धोक्याचे ठरू शकतात.

डिस्कच दिसत नसेल तर

कधी कधी पेन ड्राइव्ह वाचला जातो, परंतु प्रणाली बसविण्यासाठी एकही डिस्क दाखविली जात नाही. नव्या संगणकांतील एनव्हीएमई प्रकारच्या डिस्कचा ड्रायव्हर मूळ विंडोज ७ मध्ये नाही. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी नंतर दुरुस्तीसंच दिला. तोही प्रतीत मिसळावा लागतो. साधी साटा डिस्क लावणे हा याहून सोपा मार्ग होय. बायॉसमध्ये डिस्कसाठी ‘रेड’ पद्धत निवडलेली असल्यास ‘एएचसीआय’ निवडावी. तिचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये आहे. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत तोही नाही. त्यामुळे तेथे ‘७बी’ या संकेतांकासह निळा पडदा येतो आणि बायॉसमध्ये ‘आयडीई’ पद्धत निवडावी लागते.

बायॉसमधील हे बदल करण्यापूर्वी संगणकावरील माहितीची प्रत अवश्य काढून ठेवावी, कारण पद्धत बदलल्यावर आधीची प्रणाली सुरू न होण्याचा संभव असतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्लीही आधीच जपून ठेवावी.

प्रणाली बसल्यानंतर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पिवळी खूण असलेले भाग दिसतात. ‘कोड २८’ याचा अर्थ ड्रायव्हर बसविलेला नाही, असा होतो. त्या भागाच्या गुणधर्मांत त्याचा ओळखक्रमांक मिळतो; त्यात निर्मात्याचा संकेत असतो. उदाहरणार्थ, ८०८६ हा इंटेलचा संकेत. या क्रमांकावरून नेमका ड्रायव्हर शोधता येतो. जाळ्याच्या कार्डाचा ड्रायव्हर मात्र आधीच उतरवून ठेवावा. अन्यथा बाकीचे ड्रायव्हर मिळविण्याचा मार्गच खुंटतो.

मर्यादा आणि सावधगिरी

सर्व प्रयत्न करूनही काही संगणकांवर जुनी प्रणाली नीट चालत नाही. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रक्रियकांवर मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ ला अधिकृत पाठबळ दिले नाही. शिवाय एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चे सर्वसाधारण पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी संपले. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसल्याने असा संगणक इंटरनेटपासून अलग ठेवणेच इष्ट होय.

केवळ जुनी आज्ञावली चालवावयाची असेल, तर नव्या प्रणालीतच ‘आभासी संगणक’ निर्माण करणे हा सर्वांत निर्वेध मार्ग आहे. आभासी संगणक जुन्या प्रणालीस तिच्या ओळखीचीच डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह दाखवितो; त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. यंत्रासाठी संगणकात खास कार्ड बसवावे लागत असेल, तर मात्र त्या काळातील सुस्थितीतील संगणक मिळविणेच हिताचे.

जुना संगणक अद्याप चालू असतानाच त्याच्या भागांची नावे टिपून घ्यावीत, ड्रायव्हरचे संच, परवान्याचा क्रमांक आणि माहितीची प्रत वेगळी जपून ठेवावी. बंद पडल्यानंतर जे काम अनेक दिवस घेते, ते आज एका दुपारी उरकता येते.