हेडफोनचे ऐकणे : खर्च कोठे करावा?

संगणकावरून हेडफोनने संगीत ऐकताना ध्वनी चार टप्प्यांतून जातो: मूळ ध्वनिमुद्रण, त्यातील आकड्यांचे विद्युत्-लहरींत रूपांतर करणारा ‘डॅक’, त्या लहरींना बळ देणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि त्या लहरींनुसार पडदा कंपित करून कानापर्यंत ध्वनी पोहोचवणारा हेडफोन. पैसे मर्यादित असतात तेव्हा यांतले काय आधी बदलावे, हा प्रश्न महाग वस्तू घेऊन सुटत नाही. सर्वांत कच्चा टप्पा कोणता, हे आधी ओळखावे लागते.

कधी मूळ ध्वनीच कच्चा असतो. परभणी जिल्ह्यातील एक पिढी आकाशवाणी परभणीचे कार्यक्रम 1305 किलोहर्ट्झच्या मध्यम लहरींवर ऐकत वाढली. मध्यम लहरींवर शेजारच्या दोन केंद्रांमध्ये 9 किलोहर्ट्झचेच अंतर राखलेले असल्यामुळे साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचे स्वर, म्हणजे टाळांची चमक किंवा ‘स’ या अक्षराची धार, श्रोत्यापर्यंत फारशी पोहोचत नाही. याउलट सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने नोंदवलेले असतात आणि त्यांतून माणसाला ऐकू येणारा सुमारे 20 किलोहर्ट्झपर्यंतचा सर्व पट्टा मिळतो. म्हणून पहिला खर्च, आणि तो बहुधा अत्यल्प असतो, चांगल्या प्रतीच्या मुद्रणावर करावा. गंगाखेडच्या संत जनाबाईंचे अभंग कॅसेटवरून उतरवलेल्या फायलीत ऐकायचे असतील, तर उत्तम हेडफोन त्या कॅसेटची सरसर अधिकच स्पष्ट करील, आणि कोणताही डॅक तिला दूर करू शकणार नाही.

मुद्रण चांगले असेल, तर सर्वांत मोठा फरक हेडफोननेच पडतो, आणि येथे हवामानाचा विचार टाळता येत नाही. परभणीत उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो. पंखा किंवा कूलर बंद ठेवून ऐकणे शक्य नसते. ज्यांच्या पाठीला जाळी असते ते उघडे हेडफोन शांत खोलीत मोकळा, विस्तीर्ण ध्वनी देतात, परंतु कूलरची घरघर त्यांच्यातून तशीच आत येते. तिच्यावर मात करण्यासाठी श्रोता नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही मर्यादा सुचवली आहे आणि ध्वनी तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. त्यामुळे अशा खोलीत बंद पाठीचा हेडफोन ही ऐषआरामाची नव्हे, आरोग्याची निवड ठरते. त्याच्या कृत्रिम चामड्याच्या गाद्या घामाने काही वर्षांत सोलून निघतात आणि कानाभोवतीची पकड सैल होताच खर्जाचे स्वर विरतात. अशा वेळी नवा हेडफोन घेण्याआधी नव्या गाद्या बसवाव्यात. पुष्कळदा हरवलेला तबल्याचा बायाँ तेवढ्यानेच परत येतो.

पार्श्वभूमीला गुणगुण ऐकू येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावे. गुणगुण थांबली तर दोष बहुधा वीजपुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये असतो. मराठवाड्यातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळेपर्यंत सुकते, आणि सुकलेल्या मातीतून वीज जमिनीत सहज उतरत नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी रीत येथेही उपयोगी पडते. याउलट माउस हलवताना किरकिर होत असेल, तर संगणकाच्या आतील ध्वनिमंडल इतर भागांतील विद्युत् गोंगाट पकडत असते, आणि यूएसबीला जोडायचा साधा बाह्य डॅक तेथे खरोखर कामाचा असतो.

स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर केव्हा घ्यावा, हे ओळखणे सोपे आहे. संगणकाचा आवाज पूर्ण ठेवूनही मंद लयीतील ख्याल क्षीणच ऐकू येत असेल, तर हेडफोनला अधिक शक्तीची गरज आहे. 300 ओहमच्या हेडफोनांच्या बाबतीत असे घडू शकते, 32 ओहमच्या सामान्य हेडफोनांच्या बाबतीत क्वचितच. दोन डॅकांची तुलना करताना दोहोंचा आवाज आधी मोजून सारखा करावा, कारण किंचित मोठा ध्वनी कानाला बहुधा अधिक चांगला वाटतो, आणि ते केल्यानंतर आधुनिक डॅकांमधला फरक बहुतेक श्रोत्यांना सांगता येत नाही.